गहना आणि गहाण

रायपूरच्या कोतवालीकडून सदर बाजारात शिरले की सराफांच्या पेढ्या सुरू होतात. मराठी कानाला या बाजारात एक गंमत ऐकू येते. इथल्या हिंदीत दागिना म्हणजे ‘गहना’, आणि मराठीत कर्जापोटी ठेवलेली वस्तू म्हणजे ‘गहाण’. उच्चारात दोन्ही शब्द इतके जवळ आहेत की पेढीवर ठेवलेल्या एकाच वस्तूला दोन्ही लावता येतात. सुता, ऐंठी, करधन, पुतरी हे छत्तीसगढी बाईचे पारंपरिक दागिने. त्यांतली पुतरी म्हणजे जवळपास आपली पुतळ्यांची माळच, नाण्यासारख्या चकत्या ओवून केलेली. हे दागिने मिरवण्यासाठी होते, तसेच अडीअडचणीला मोडण्यासाठी किंवा अडकवून ठेवण्यासाठीही होते. बियाणे, लग्न, आजारपण, कोर्टकचेरी अशा कामांना त्यांतून पैसा उभा राहत असे. गेल्या पंचवीस वर्षांत या यादीत मुलामुलींच्या शिक्षणाचा खर्च भरभक्कमपणे आला, आणि त्या शिक्षणांतले सर्वांत महागड्यांपैकी एक म्हणजे वैमानिकाचे. हे शिक्षण श्रीमंतांचेच का राहिले, याचे ठरलेले उत्तर ‘ते महाग आहे म्हणून’ असे दिले जाते. मला ते अर्धवट वाटते. किंमत प्रत्येक काळात मोठीच होती. त्या किमतीपोटी जोखीम कोणी उचलली आणि तारण म्हणून काय मागितले गेले, ते मात्र बदलत गेले. कोण उडेल हे किमतीइतकेच, किंबहुना किमतीहून जास्त, तारणाने ठरवले.

छत्तीसगढातल्या पतव्यवहाराचा धागा मराठ्यांच्या काळाशी जोडलेला आहे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरातून कारभार केला. १८१८नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले आणि कारकून, वकील, व्यापारी यांचा ओघ इकडे वळला. तात्यापारासारख्या वस्तीत मराठी घरे स्थिरावली. इंग्रजी अमलात छावणीच्या किंवा ठाण्याच्या मुख्य बाजाराला सदर बाजार म्हणण्याची पद्धत होती. देशभर हे नाव सापडते ते त्यामुळेच. भातावर जगणाऱ्या मुलखात रोकड हंगामातच दिसते, म्हणून सराफाची पेढी हीच गावोगावच्या लोकांची बँक. तिचा नियम साधा होता. सराफ वजन बघे, कस लावे आणि रक्कम सांगे. पैसे कशाला हवेत हा प्रश्न तो विचारी, पण उत्तरावर व्यवहार अडत नसे. व्याजाच्या जाचाची दखल सरकारला घ्यावीच लागली. मध्य प्रांताने १९३३मध्ये कर्ज समेटाचा कायदा केला आणि १९३४मध्ये सावकारी कायदा केला, ज्यात सावकाराने नीट हिशेब ठेवणे आणि कर्जदाराला वर्षाचे विवरण देणे बंधनकारक झाले. म्हणजे राज्याने व्याज आणि वह्या यांवर बोट ठेवले. तारण काय असावे, हा प्रश्न कायद्याने बाजारावरच सोडला.

तो प्रश्न वेगळ्या रीतीने विचारणारा माणूस रायपुरात होता, आणि तो मराठी होता. वामनराव लाखे हे नाव आज शहरात लाखेनगर म्हणून उरले आहे. माधवराव सप्रे यांनी १९००मध्ये पेंड्र्याहून सुरू केलेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे ते प्रकाशक. मासिक तीन वर्षांत तोट्यात बंद पडले. पैशाविना चांगले काम कसे बसते हे लाख्यांनी जवळून पाहिले होते, असे म्हणायला हरकत नाही. १९१३मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. १९०४ आणि १९१२च्या कायद्यांनी जी सहकारी पतव्यवस्था आली होती, तिचे मर्म तारणाच्या बदलात होते. गावातले शेतकरी एकत्र येऊन सोसायटी करत, सोसायटी मध्यवर्ती बँकेकडून पैसा घेई, आणि ग्रामीण सोसायट्यांत सभासदांची जबाबदारी सहसा अमर्याद असे. एकाने बुडवले तर ते सगळ्यांच्या अंगावर येई. त्यामुळे शेजाऱ्याची वागणूक हेच तारण बनले. सराफ धातू पाहत होता, सोसायटी माणूस पाहत होती. या कल्पनेच्या मर्यादाही उघड आहेत. ती लहान रकमांना, हंगामी पिकांना आणि एकमेकांना ओळखणाऱ्या गावाला जुळणारी होती. पण जोखीम एका घराच्या माथी न ठेवता वाटून घेता येते, हे तिने दाखवले. वैमानिकाच्या शिक्षणाच्या संदर्भात हेच पुन्हा आठवायला हवे.

हिंदुस्थानात विमान चालवण्याचे शिक्षण सुरू झाले ते घराच्या पैशावर नाही. १९२७मध्ये नागरी विमानवाहतुकीचे स्वतंत्र खाते निघाले आणि १९२८पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, कराची अशा ठिकाणी फ्लाइंग क्लब उभे राहिले, तेही सरकारी मदतीच्या आधाराने. मुंबईच्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. त्यानंतर आगाखानांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. १९३०मध्ये ते कराचीच्या अस्पी इंजिनीअर यांनी मिळवले, जे पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. या नावांवरून एक आक्षेप लगेच उभा राहतो. सरकारी अनुदान खाल्ले कोणी? उद्योगपतीच्या मुलाने, संस्थानिकाने, बड्या व्यापाऱ्याने. आक्षेप खरा आहे. अनुदानाने तासाचा दर खाली आला तरी उरलेली रक्कम, क्लबाची वर्गणी आणि कामधंदा सोडून शहरात राहण्याची ऐपत ही घरातूनच आणावी लागे. म्हणून तो काळ सुवर्णयुग म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. तरीही त्या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य पुढच्या सगळ्या व्यवस्थांपेक्षा वेगळे होते. विमान मोडले, पाऊस लांबला, विद्यार्थी अर्ध्यावर थांबला तर नुकसानीचा मोठा वाटा क्लब आणि त्यामागचे सरकार सोसत असे. उडायला शिकवणे ही राष्ट्राची गरज आहे, म्हणून जोखीम राष्ट्राची, असा त्यामागचा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धात तो खरा ठरला, कारण हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलासाठी वैमानिक तयार करताना याच क्लबांचा उपयोग झाला.

रायपूरला युद्धाने धावपट्टी दिली, शिक्षण दिले नाही. शहराजवळच्या माना गावी युद्धकाळात जी धावपट्टी झाली, तिच्या परिसरात १९६४मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची छावणी वसली. तिथल्या विमानतळाला २०१२मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले.  मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर असल्यामुळे शिकणे, नोकरी, हायकोर्ट, आणि उडायचे असेल तर नागपूरचा फ्लाइंग क्लब, असा रायपूरकरांचा ओढा पश्चिमेकडे होता. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला सरकली. रेल्वेचे अंतर बदलले नाही, पण सरकारी मदत राज्याच्या सीमेवर थांबते. सरकारी अनुदानावरची सोय नेमकी कुठल्या शहरात ठेवायची, हे राजधान्यांच्या नकाशाने ठरते. रायपूरसारखे गाव त्या नकाशाच्या काठावरच राहत आले. १९५३मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर तर नोकरी देणाराही सरकारच झाला. क्लबांना मदत देणारे आणि वैमानिक घेणारे एकच, त्यामुळे खर्चाचा आणि लाभाचा मेळ निदान कागदावर बसत होता. राजीव गांधी दिल्लीच्या फ्लाइंग क्लबात शिकून इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाले, ते याच व्यवस्थेतून. पुढे १९८५मध्ये रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारने इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी स्थापली. इग्रुआ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. तिच्यात राखीव जागा आल्या. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय शालान्तोत्तर शिष्यवृत्तीच्या यादीतही व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम आला. राज्याने जोखीम पूर्णपणे टाकून दिली होती असे नाही. तिचे क्षेत्र मात्र आक्रसत चालले होते.

उलथापालथ झाली ती नव्या शतकात. २००३मध्ये एअर डेक्कन, २००५मध्ये स्पाइसजेट, २००६मध्ये इंडिगो आली आणि वैमानिकांची मागणी झपाट्याने वाढली. नागपूर-रायपूर लोहमार्गावरच्या गोंदियाजवळ बिरसीला युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांच्या भागीदारीत मोठी प्रशिक्षण संस्था निघाली. म्हणजे रायपूरकराला शिकण्यासाठी आता रेल्वेने काही तासच जायचे होते. अंतराचा प्रश्न सुटला, पैशाचा वाढला. परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, त्याशिवाय लेखी परीक्षा आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी. आज सरकारी इग्रुआची नुसती प्रशिक्षणाची फी ४५ लाखांच्या घरात आहे. परवाना हाती आल्यावर एअरबससारखे विशिष्ट विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, वेगळे, त्याचे आणखी कित्येक लाख. कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हे सगळे एकत्र केले की आकडा कोटीच्या आसपास जातो. ज्या उद्योगाला वैमानिक हवा आहे त्याने शिकवण्याचा खर्च स्वतःकडे ठेवला नाही. तो विद्यार्थ्याच्या घरावर टाकला, आणि तयार माणूस उचलला. कापड गिरणीने मागकऱ्यालाच माग विकत आणायला सांगावे, तसे हे झाले.

घराने तो खर्च उचलायचा कसा? एप्रिल २००१मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांकडे पाठवलेली भारतीय बँक संघाची शैक्षणिक कर्जाची नमुना योजना हे पहिले देशव्यापी उत्तर होते. त्याआधी १९६३पासून केंद्राची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती होती, पण ती लहान रकमांची. नमुना योजनेच्या अभ्यासक्रमांत नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्य केलेले वैमानिक प्रशिक्षण नावानिशी आले, ही खरोखरच नवी गोष्ट होती. उडायला शिकणे हा शौक नसून शिक्षण आहे, असे बँकेने कागदावर मान्य केले. मात्र योजनेचे पुढचे कलम वाचले की दार अर्धेच उघडलेले दिसते. चार लाखांपर्यंत तारण नको, साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्याचा जामीन पुरे, त्यापुढे स्थावर किंवा तत्सम मूर्त तारण हवे. देशातल्या शिक्षणासाठीची कमाल मर्यादा आधी साडेसात आणि नंतर दहा लाख. बँकेला वाटल्यास ती पुढे जाऊ शकते. २०१५मध्ये सरकारने पतहमी निधी आणला, तोही साडेसात लाखांपर्यंतच्याच कर्जांसाठी. अभियांत्रिकीच्या किंवा परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला ही रचना बेताची का होईना, लागू पडते. पन्नास लाखांच्या शिक्षणात विनातारण हिस्सा सहावा भागही होत नाही. उरलेल्यासाठी शहरातले घर किंवा बिनबोजाची जमीन लागते. जमिनीच्या उताऱ्यावर दहा नावे असलेली वडिलोपार्जित शेती आणि महासमुंद-धमतरीकडच्या खेड्यातले घर बँकेच्या वकिलाला पसंत पडत नाही. योजनेच्या यादीत नाव आले, पण तारणाच्या अटीने अर्जदार गाळला.

इथे बँकेची बाजू नीट ऐकायला हवी, कारण ती कमकुवत नाही. वैमानिकाचे शिक्षण हे अर्धे झाले तर शून्य असते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षी थांबला तरी त्याच्याकडे काही कौशल्य उरते. १४० तास उडालेल्या मुलाला मात्र कोणी पगार देत नाही. पावसाळ्यात उड्डाणे थांबतात, विमाने दुरुस्तीत अडकतात, प्रशिक्षक नोकरी बदलतात, आणि सव्वा वर्षाचा अभ्यासक्रम दोन-अडीच वर्षे चालतो. तोवर व्याज चढत असते. वैद्यकीय तपासणीत एक दोष निघाला तर सगळेच थांबते. आणि नोकरीची हमी? २०१२मध्ये किंगफिशर जमिनीवर आली, एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज थांबली, पाठोपाठ महासाथ आली. त्या प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवे परवानेधारक रांगेच्या शेवटी गेले. अशा कर्जाला बँकेने मूर्त तारण मागितले तर तिचे चुकले कुठे? माझे उत्तर असे की बँकेने जोखीम बरोबर ओळखली, पण ती चुकीच्या माणसाकडून वसूल केली. विमान दुरुस्तीत अडकणे, प्रशिक्षक नसणे, कंपनी बुडणे यांतले काहीही विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे, ती संस्था फीचे हप्ते आधी घेऊन मोकळी होते. शिक्षणात दिरंगाई झाली तर संस्थेचे काहीच तारण पडलेले नसते. संस्था चांगली की वाईट हे बँकेला कळायला तरी काय मार्ग होता? डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची श्रेणी पहिल्यांदा जाहीर केली ती २०२५मध्ये, आणि त्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. दिल्लीला जे इतक्या उशिरा मोजावेसे वाटले, ते रायपूरच्या शाखाधिकाऱ्याने कशाच्या आधारावर मोजायचे होते?

दुसरा आक्षेप असा येतो की पैसा नसलेल्याला मार्ग आहेच, हवाई दलाचा. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५पासून मुलांना फुकट शिकवते आणि उडायला पाठवते. हे उत्तम आहे, आणि माझ्या मुद्द्याला बळ देणारे आहे. सैन्य जोखीम स्वतः उचलते, कारण त्याला वैमानिक हवा आहे. त्याचे तारण म्हणजे उमेदवाराच्या आयुष्यातली सेवेची वर्षे. ज्याच्याकडे ना घर ना सोने, त्याच्याकडेही वर्षे असतात. विमान कंपन्याही नव्या वैमानिकाकडून वर्षे मागतात, बंधपत्राच्या रूपाने. फरक इतकाच की त्या पैसेही आधी घेतात. दोन्ही तारणे एकाच हाताने गोळा करण्याची ही पद्धत सदर बाजारातल्या कुठल्या सराफाला जमली असती, असे वाटत नाही. दागिना ठेवून घेतल्यावर तो निदान कर्जदाराला दुकानात राबवत नसे.

बँकेच्या दारात अडलेले घर मग सोन्याकडे वळते, आणि इथे सराफाचा जुना नियम पुन्हा कामाला येतो. सोने प्रयोजन विचारत नाही. हिशेब मांडून पाहावा. दहा ग्रॅमला एक लाख असा भाव धरला, २०२५मध्ये तो त्याच्याही वर गेला, आणि रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या कर्जांसाठीच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ७५ टक्के रक्कम मिळते असे मानले, तर पन्नास लाखांसाठी सुमारे ६७ तोळे लागतात. सराफ्यात आता तोळा दहा ग्रॅमचाच धरतात. इतके सोने मध्यमवर्गीय घरात नसते. म्हणून सोन्याने भागते ते पहिल्या हप्त्यापुरते किंवा परीक्षा-टाइप रेटिंगच्या वेळी तुटणाऱ्या आठ-दहा लाखांपुरते. सराफाच्या पेढीचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. तिचे व्याज जबर होते, तिच्या वह्या सुधारायला कायदा करावा लागला. शिवाय त्या सोन्याची मालकीण घरातली बाई असते. ते स्त्रीधन आहे, आणि मुलाच्या उड्डाणासाठी ते अडकवताना तिला किती विचारले जाते, हे कुठल्याही पावतीवर लिहिलेले नसते. मुलीच्या उड्डाणासाठी अडकवायचे असेल तर ‘मग तिच्या लग्नाचे काय’ हा प्रश्न आणखी येतो, कारण तेच सोने त्याही खात्यावर आधीच लिहिलेले असते. एवढे सगळे मान्य करूनही नोंदवावे लागते की घराकडे जे खरोखर आहे, ते तारण म्हणून स्वीकारणारा व्यवहार आजही सोनेतारण हा एकच उरला आहे.

लाख्यांच्या सहकारी बँकेची आठवण इथे होते ती केवळ गावाच्या अभिमानाने नाही. तिच्यासारखी जबाबदारी वाटून घेणारी रचना या शिक्षणाला लावता येण्याजोगी आहे. तास वेळेवर झाले नाहीत तर संस्थेची अनामत कापली जावी, नोकरी देणाऱ्या कंपनीने टाइप रेटिंगचा खर्च उचलून तो पगारातून फेडून घ्यावा, हमी निधीची मर्यादा अभ्यासक्रमाच्या किमतीला धरून ठरावी. यावर कोणी म्हणेल की इतक्या थोड्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने एवढा खटाटोप का करावा. संख्या थोडी आहे म्हणूनच तो स्वस्त पडेल, हे त्याला उत्तर. प्रत्यक्षात घडले ते उलटे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने विनातारण शैक्षणिक कर्जासाठी पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, पण ती एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेल्या संस्थांना बांधली. त्या क्रमवारीत फ्लाइंग स्कूलचा वर्गच नाही. नमुना योजनेच्या यादीत नावानिशी असलेले शिक्षण २०२४च्या यादीत कुठेच बसत नाही. सोनेतारणाचे नियमही २०२५मध्ये नव्याने आले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५. शेवटी एकरकमी फेडायच्या घरगुती कर्जाची मुदत मात्र बारा महिन्यांच्या आतच. २०० तास पुरे व्हायला दोन वर्षे लागणार असतील, तर त्या काळात घरातल्या कोणाला तरी निदान एकदा पेढीवर किंवा बँकेत येऊन व्याज चुकवावे लागणार, त्या दिवसाच्या भावाने दागिन्याचे मूल्य पुन्हा काढून घ्यावे लागणार आणि नवी पावती करावी लागणार.